बंद पडण्याची भीती

मोटर ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत डावीकडच्या सीटपुढेही पेडल असतात. दोनच. क्लच आणि ब्रेक. ॲक्सिलरेटर नाही, स्टिअरिंग नाही. शिकवणाऱ्याने गाडी पळवावी अशी कुणाची अपेक्षाच नसते. त्याने ती वेळेवर थांबवावी, एवढंच. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत शिकवण्याच्या गाडीला अशी दुहेरी सोय हवीच असं म्हटलं आहे आणि ते अगदी शहाणपणाचं आहे. त्या दोन पेडलांनी आजवर किती कुत्री, किती सायकलवाले आणि किती भाजीच्या हातगाड्या वाचवल्या असतील, त्याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

आमचे सर चपला काढून बसायचे. डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर, मांडीवर मोबाइल. नजर रस्त्यावर आहे की मोबाइलवर, हे शेवटपर्यंत कळायचं नाही. समोर काहीही आलं की मंत्र एकच: "मॅडम, क्लच-ब्रेक! क्लच-ब्रेक!" सिग्नल लाल झाला, क्लच-ब्रेक. स्पीडब्रेकर आला, क्लच-ब्रेक. रिक्षा मध्येच वळली, क्लच-ब्रेक. आपण हलेपर्यंत त्यांनी स्वतःच दोन्ही दाबलेले असत आणि आपल्या पायाखालची पेडलं परस्पर खाली जात.

सर वाईट शिकवत होते असं मुळीच नाही. दिवसभर एकामागून एक नवशिके त्यांच्या गाडीत बसणार. चौकात गाडी बंद पडली की मागे हॉर्नचा गोंधळ, शिकणाऱ्याचे हातपाय गार, पुन्हा न्यूट्रल, पुन्हा किल्ली, पुन्हा पहिला गिअर, तोवर सिग्नल परत लाल. दोन्ही पेडल एकदम दाबली की यातलं काही होत नाही. इंजिन बंद पडत नाही, गाडी गचके खात नाही, निमूट थांबते. कोर्स एकवीस दिवसांचा. तेवढ्यात आरटीओच्या मैदानावरचा आठचा आकडा आणि रिव्हर्स बसवून घ्यायचा. त्याला हा मंत्र पुरतो.

गोम अशी की हा मंत्र सपाट रस्त्याचा आहे, आणि महाराष्ट्र सपाट नाही.

क्लच म्हणजे नेमकं काय, हे कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं. ते मी पुढे गॅरेजमध्ये पाहिलं. आम्ही जुनी गाडी घेतली होती आणि तिचा गिअरबॉक्स खाली उतरवला होता. इंजिनच्या मागे एक जड चाक असतं, फ्लायव्हील. इंजिन चालू आहे तोवर ते फिरतंच. त्याला टेकून क्लच प्लेट, आणि तिच्यामागे प्रेशर प्लेट. ही प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोराने क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडलवर पाय नसतो तेव्हा सगळं घट्ट जोडलेलं असतं; इंजिनचं फिरणं गिअरबॉक्समधून चाकांपर्यंत पोचतं. पाय दाबला की एक बेअरिंग सरकतं, स्प्रिंगचा जोर निघतो, प्लेट मोकळी होते. इंजिन इकडे, चाकं तिकडे. मेकॅनिकने जुनी प्लेट माझ्या हातात दिली. जेमतेम वीतभर रुंद, दोन्ही अंगांना राखाडी लायनिंग, आणि ते झिजून रिव्हेट वर आलेले. तो म्हणाला, "आधीच्या मालकाचा पाय सारखा क्लचवरच असणार." ज्याला आम्ही एकदाच, सहीपुरतं भेटलो होतो, त्या माणसाची सवय ती प्लेट सांगत होती.

ही जोडणी दोन्ही बाजूंनी काम करते, हे मात्र प्लेट बघून कळत नाही. आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा इंजिन चाकांना फिरवतं. पाय काढला आणि गाडी गिअरमध्येच राहिली, की चाकं इंजिनला फिरवायला लागतात. आणि इंजिनला असं फुकट फिरायला आवडत नाही. पेट्रोलच्या गाडीत हवेची वाट जवळजवळ बंद झालेली असते, पिस्टन ती हवा ओढताना अडखळतात, आणि तो अडथळा उलट चाकांपर्यंत येतो. बैलगाडी घाटातून उतरताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. उतारावर बैल गाडी ओढत नाहीत. जू पुढे सरकून शिंगांना टेकतं आणि ते पाय रोवून गाडी अडवत अडवत उतरतात. क्लच दाबणं म्हणजे ऐन उतारावर बैल सोडून देणं. मग राहतो ब्रेक. एकटा.

मला हे शिकवलं ते मामांनी. मामा एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीतली बरीच वर्षं कराड-चिपळूण, म्हणजे कुंभार्ली घाट. लायसन्स मिळाल्यावर पहिल्यांदा मी त्यांना घेऊन चिपळूणला निघाले, तेव्हा मामी दारात देवाचं नाव घेत उभ्या होत्या आणि मामा मात्र लग्नाला निघाल्यासारखे इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पाटण, कोयनानगर, हेळवाक मागे पडलं. घाटमाथ्यावर चहा झाला. गाडीत बसल्यावर त्यांनी काठी दोन पायांत उभी धरली आणि म्हणाले, "दुसऱ्यावर घे."

"एवढ्यात? अजून उतार लागला नाही, मामा."

"उतार लागल्यावर घेऊन काय करशील? आधी घ्यायचा असतो. ज्या गिअरात चढती, त्याच गिअरात उतरवायची."

पहिलं वळण आलं तसा माझा उजवा पाय ब्रेकवर गेला आणि डावा क्लचकडे निघाला. मामा रस्त्याकडे बघत होते तरी त्यांना तो दिसला. "तो पाय घे तिकडं, कडंला. त्याला आत्ता काम नाय." मी पाय फूटरेस्टवर नेऊन ठेवला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला लागली आणि इंजिनचा आवाज चढत गेला. काटा तीन हजारांच्या पुढे. सरांच्या गाडीत असा आवाज आला की ते ओरडायचे, "मॅडम, गिअर बदला, इंजिनवर लोड येतोय!"

"मामा, इंजिन ओरडतंय."

"वरडू दे. वरडतंय म्हंजे धरतंय."

चार-पाच वळणं अशीच गेली. मग जरा लांब, सरळ, मोकळा उतार आला. मागे-पुढे कुणी नाही हे बघून मामा म्हणाले, "आता दाब क्लच. बघ काय करती." मी दाबला. आवाज एकदम पडला. गाडीत अशी शांतता झाली की मागच्या सीटवरच्या पिशवीतली डब्याची कडी वाजलेली ऐकू आली. आणि मी कशालाच हात-पाय न लावता गाडी पळायला लागली. पायाखालून काहीतरी सुटल्याचं आधी कंबरेला कळतं, काट्याकडे नजर नंतर जाते. "ब्रेक लाव. आता क्लच हळू सोड." आवाज परत आला, गाडी परत आवरली. मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गप झाली की पळती. ध्यानात ठेव."

खाली पोफळीजवळ एक ट्रक कडेला उभा होता. मागच्या चाकांतून जळका, नाकाला झोंबणारा वास येत होता आणि ड्रायव्हर बाजूच्या दगडावर बसून विडी ओढत होता. मामांनी काच खाली करून विचारलं, "पाणी मारलं न्हाय ना?" तो म्हणाला, "न्हाय, निवू देतो." तापलेल्या ड्रमवर गार पाणी ओतलं तर ड्रम तडकू शकतो. सतत ब्रेक दाबून उतरलं की ड्रम तापून फुगतो, लायनर आणि त्याच्यातली पकड कमी होत जाते. मोटारीत ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल जमिनीला टेकतं आणि चाकांना काही कळतच नाही. घाट उतरल्यावर ब्रेक फेल झाले असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ब्रेक बिचारे शेवटपर्यंत काम करून दमलेले असतात.

ही दमणूक किती असते? लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास, खोपोली शंभर मीटरच्या आत. एक टन वजनाची गाडी तेवढी खाली आली आणि तिला आवरायचं सगळं काम ब्रेकवरच टाकलं, तर जी उष्णता निघेल तिच्यावर पंधरा-सोळा लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला येईल. घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी म्हणा. ते चार छोट्या चाकांच्या पोटात तापवायचं की त्यातलं बरंचसं इंजिनला वाटून द्यायचं, एवढाच प्रश्न आहे. भरलेला ट्रक घेतला तर हिशेब कुठल्या कुठे जातो.

रेल्वेला हा हिशेब फार लवकर समजला होता. बोरघाटातून १८६३ मध्ये गाडी सुरू झाली. तिथला चढ सदतीस फुटांना एक फूट, म्हणजे रेल्वेच्या मानाने भलताच उभा. म्हणून घाटात कॅच सायडिंग ठेवली. उतरणारी गाडी आधी थांबून दाखवते, मग तिच्यासाठी मुख्य मार्ग लागतो. थांबली नाही तर ती आपोआप चढाच्या फाट्यावर जाऊन अडकते. उतरायला सुरुवात करण्यापूर्वी, आपल्याला थांबता येतं हे सिद्ध करायचं. मोटारवाल्यांना असं कुणी विचारत नाही.

उलट मोटारवाल्यांनी उतारावर पैसे वाचवण्याची विद्या शोधून काढली. उतार लागला की गाडी न्यूट्रलवर टाकायची, काहींनी तर इंजिनच बंद करायचं, आणि पेट्रोल वाचलं म्हणून खूश व्हायचं. कार्ब्युरेटरच्या जमान्यात, प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सीत, त्याने चार थेंब वाचतही असतील. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत मामला उलटा आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक इंधन पार तोडतो. इंजिन चाकांच्या जोरावर फुकट फिरतं. न्यूट्रल केलं की त्याला स्वतःच्या पोटासाठी इंधन जाळत बसावं लागतं. म्हणजे वाचवायला गेलं आणि खर्च झाला. इंजिन बंद केलं तर आणखी वाईट. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. साठलेला व्हॅक्यूम दोन-तीनदा ब्रेक दाबला की संपतो आणि पेडल दगड होतं. स्टिअरिंगही जड होतं ते वेगळंच.

पुण्यात याचं नाव नवले पूल. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की मुंबई-बंगळूर महामार्ग एकसारखा उतरत नवले पुलाकडे येतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड गाडीने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. ब्रेक फेल झाल्याचं पहिल्यांदा बोललं गेलं. नंतर तपासाच्या बातम्या आल्या त्यांत इंधन वाचवण्यासाठी गाडी उतारावर न्यूट्रलवर सोडल्याचं म्हटलं होतं. त्या रस्त्याने मी अनेकदा जाते. तिथे आता फलक आहेत, कॅमेरे आहेत, वेगाची मर्यादा आहे. आणि तरीही बोगदा संपला की शेजारच्या ट्रकचा आवाज अचानक पडतो. मामांचं वाक्य आठवून मी लेन बदलते.

न्यूट्रलवर गाडी सोडणारे लोभी, असं म्हणून आपल्याला हात झटकता येतील. पण वेगात असताना क्लच आणि ब्रेक एकदम दाबणारा माणूस तेच करत असतो, फक्त थोड्या वेळापुरतं. आणि तो लोभापायी करत नाही, भीतीपोटी करतो. ती भीती मरणाची नसते, गाडी बंद पडण्याची असते.

गाडी बंद पडणं ही आपल्याकडे अपघाताहून मोठी नामुष्की आहे. अपघात झाला की चार माणसं धावतात, पाणी आणतात, चूक दुसऱ्याची होती असंही म्हणतात. गाडी बंद पडली की फक्त हॉर्न वाजतात. बाई चालवत असेल तर मागचा मोटरसायकलवाला पुढे निघताना मान वळवून, काचेतून मुद्दाम आत बघून जातो. माझी एक मैत्रीण लायसन्स मिळाल्यावर काही महिन्यांतच गाडी चालवायची थांबली. अपघात नाही, साधं खरचटलंही नाही. उड्डाणपुलाच्या चढावर गाडी लागोपाठ बंद पडत राहिली, तेव्हा मागच्या गाडीतला एक गृहस्थ उतरून आला आणि "उतरा ताई, मी काढून देतो" म्हणाला. त्याने खरंच काढून दिली. वागला सज्जनपणेच. पण ती आता रिक्षाने जाते. सत्तरच्या वेगाने सिग्नलवर येऊन दोन्ही पाय दाबत घसरत थांबणाऱ्या माणसाला मात्र "उतरा दादा" असं म्हणायला कुणी येत नाही. त्याचं ड्रायव्हिंग लोकांना सफाईदार वाटतं.

म्हणून नवशिक्याचा डावा पाय सदैव तयारीत असतो. त्याला एकच गोष्ट शिकवलेली असते: काही झालं तरी इंजिन चालू राहिलं पाहिजे. वेग किती आहे, चाकं कशाला जोडलेली आहेत, हे त्याच्या गावीही नसतं. जे फारसं धोक्याचं नाही त्याची धास्ती आपण पहिल्या दिवसापासून मुरवतो. जे धोक्याचं आहे, ते शांत असल्यामुळे सुरक्षित वाटतं.

क्लच आणि ब्रेक एकत्र दाबूच नयेत, असं मात्र कुणी समजू नये. असा कडक पंथ काढणारेही भेटतात. वाहतुकीच्या कोंडीत गाडी माणसाच्या चालीने सरकते, तिथे दोन्ही पाय लागतातच. साध्या थांबण्यातही शेवटच्या काही मीटरला क्लच हवाच, नाहीतर इंजिन बंद पडणार. क्रम तेवढा सांभाळायचा. आधी ब्रेक. वेग पडू द्यायचा, इंजिनलाही धरू द्यायचं. काटा हजाराच्या जवळ आला, किंवा गाडी थरथरायला लागली, की मग क्लच. आणि खरोखर जिवावर बेतलं, समोर मूल धावत आलं, तर विचार करायचा नाही. दोन्ही पेडल जमिनीपर्यंत. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. त्या गाडीत असा ब्रेक मारला की पेडल पायाखाली थडथडतं. घाबरून पाय उचलायचा नाही, ते थडथडणं म्हणजेच काम चाललंय. सरांचा मंत्र या एका क्षणासाठी अचूक आहे. फक्त तो रोजच्या प्रत्येक सिग्नलला वापरायचा नसतो.

ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये तर १२२ क्रमांकाचा नियमच यावर आहे. न्यूट्रलवर किंवा क्लच दाबून गाडी वाहू देऊ नका, इंजिनचा ब्रेक जातो, असं तिथे स्पष्ट सांगितलंय. मामांनी तो वाचण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना तो कुंभार्लीने सांगितला होता.

आता म्हणे हा सगळा प्रश्नच मिटत चाललाय. २०१४ मध्ये सेलेरिओ एएमटी घेऊन आली आणि डाव्या पायाचं काम स्वस्त गाड्यांतही यंत्राने घेतलं. इलेक्ट्रिक गाडीत तर क्लच नाहीच. गंमत अशी की तिने मामांचा घाट मात्र सोडलेला नाही. पाय काढला की मोटर उलटी चाकांना धरते, वर त्या धरण्यातून वीज तयार करून बॅटरीत भरते. घाट उतरून खाली आलं की बॅटरी चढलेली दिसते. मामांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण वरडत न्हाय ना ती? मग कळणार कसं धरतीय का न्हाय ते?" याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. डॅशबोर्डवर हिरवी पट्टी दिसते, असं मी सांगितलं. ते त्यांना पटलं नाही.

पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना अजून तीन पेडल आहेत आणि एल लावलेल्या गाड्या सकाळी सहापासून मैदानांच्या कडेने फिरत आहेत. म्हणून ट्रेनिंग स्कूलवाल्यांना एक विनंती. एकवीस दिवसांतला एक दिवस उतारावर न्या. पुणेकरांना दिवेघाट जवळ आहे, नाशिककरांना कसारा, साताऱ्याला यवतेश्वर, सावंतवाडीला आंबोली. सकाळी लवकर, वाहतूक नसताना. आणि त्या दिवशी क्लचवरचा पाय काढायला सांगा. आपल्यासारख्या बाकीच्यांना एवढंच करता येईल: पुढची एल लावलेली गाडी सिग्नलला बंद पडली, तर हॉर्न वाजवू नका.